फर्नेस गुडगुडते आणि बंद पडते: पार्ट बदलण्याआधी पाणी शोधा

जानेवारीत रात्री फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, "अरे, फर्नेस पुन्हा गेली." त्या 'पुन्हा'तच अर्धं निदान असतं. (फर्नेस म्हणजे गॅस जाळून अख्खं घर गरम ठेवणारं यंत्र, बहुधा बेसमेंटमध्ये असतं.) फोनवर मला जी लक्षणं ऐकायला मिळतात ती साधारण अशी:

- थर्मोस्टॅटवर २१ लावलंय, घरात १७ झालंय. फर्नेसचा छोटा पंखा घूं करत सुरू होतो, अर्धा-एक मिनिट फिरतो, पण ज्योत पेटत नाही. पंखा थांबतो, पुन्हा सुरू होतो. असे काही प्रयत्न झाले की फर्नेस रुसून तास-दोन तास गप्प बसते.
- वीज बंद करून चालू केली की गुमान चालते आणि पहाटे परत बसते.
- आतून गुडगुड किंवा पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येतो.
- खाली काँक्रीटवर पाणी दिसतं, किंवा पाणी वाळून उरलेला तपकिरी डाग.
- झाकणाच्या छोट्या काचेतून दिसणारा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावर त्या लुकलुकीचा अर्थ 'प्रेशर स्विच उघडा राहिला' असा दिलेला असतो (धूर बाहेर ओढला जातोय का हे बघणारा स्विच, त्याबद्दल पुढे). किती वेळा लुकलुकलं म्हणजे काय, हे कंपनीगणिक बदलतं. तुमच्याच झाकणावरचा तक्ता वाचा.

यातली दोन लक्षणं जुळली तर पुढे वाचा. छोटा पंखा हलतच नसेल, किंवा ज्योत नीट पेटून दोन-चार सेकंदांत विझत असेल, तर तो आजार निराळा. त्यावरचं औषध इथे नाही.

मी गॅस मेकॅनिक नाही. कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागात राहतो, पोटापाण्याला हिशेब तपासतो. पण ही भानगड आमच्या घरात तीन हिवाळे चालली, आणि नंतर ओळखीच्या सहा-सात घरांत मी तीच निस्तरली. पहिल्या वर्षी एका कंपनीचा माणूस आला. त्यानं दिव्याची लुकलुक मोजली, प्रेशर स्विच बदलला आणि चांगलं घसघशीत बिल हातात ठेवून गेला. अकराव्या दिवशी फर्नेस बंद. पुन्हा तोच माणूस, पुन्हा नवा स्विच. चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही दोनदा.

निदान केलं ते आईनं. ती त्या हिवाळ्यात कऱ्हाडहून आली होती आणि बेसमेंटमधल्या खोलीत झोपायची. तिसऱ्या सकाळी चहा घेताना म्हणाली, "तुमच्या त्या लोखंडी कपाटात रात्रभर हंडा हिंदकळतो बघ. आणि हिंदकळला की पंखा थांबतो." आवाज काय येतो, आणि त्यानंतर लगेच काय होतं, हा क्रम तिनं सांगितला. तोवर आम्ही कुणी तो ऐकलाच नव्हता. खाली जाऊन पाहिलं तर फर्नेसमधून निघालेल्या मऊ पारदर्शक नळीवर मीच चाळीस पौंडी तांदळाची गोणी टेकवून ठेवलेली. गोणी उचलली, नळीतून भस्सकन पाणी आलं आणि फर्नेस चालू झाली. पुढच्या डिसेंबरात ती परत बंद पडली, तेव्हा गोणी नव्हती. ती गोष्ट पुढे येईल.

फर्नेसमध्ये पाणी येतंच कुठून?

हा प्रश्न हटकून येतो, कारण आपल्या डोक्यात भट्टी म्हणजे कोरडी. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ होते. जुन्या फर्नेसेस ती वाफ गरम धुरासकट धुराड्यातून सोडून द्यायच्या. नव्यांमध्ये आणखी एक उष्णता ओढणारं भांडं असतं. ते धूर इतका थंड करतं की वाफेचं पाणी होतं आणि वाफेत अडकलेली उष्णताही घराला मिळते. कॅनडात २००९ च्या अखेरीनंतर बनणाऱ्या घरगुती गॅस फर्नेसला किमान ९० टक्के कार्यक्षमतेची अट आली, २०१९ मध्ये ती ९५ वर गेली, आणि ती अशा भांड्याशिवाय गाठणं अवघड. ओळख सोपी आहे: धुराचा पाईप प्लास्टिकचा असेल तर तुमची फर्नेस पाणी टाकणारी आहे.

किती पाणी? ओंटारियोत गॅसचं बिल घनमीटरमध्ये येतं, तेच काढा. एक घनमीटर गॅस जळला की साधारण दीड लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. कडाक्याच्या दिवशी १२ घनमीटर जळला तर १८ लिटर. सगळ्या वाफेचं पाणी होत नाही, पण निम्मं धरलं तरी दिवसाला नऊ लिटर, म्हणजे लहान बादली भरली. म्हणून हा आजार ऑक्टोबरात दिसत नाही आणि उणे वीसला उफाळतो.

हे पाणी आंबटही असतं. त्याचा पीएच साधारण ३ ते ४, ताकापेक्षा आंबट. तांबं, लोखंड आणि काँक्रीट ते हळूहळू खातं, म्हणून त्याच्या नळ्या प्लास्टिकच्याच हव्यात.

आता प्रेशर स्विच. छोटा पंखा धूर बाहेर ओढतोय की नाही हे तो हवेच्या ओढीवरून ओळखतो आणि खात्री पटल्यावरच गॅस सोडू देतो. आत पाणी तुंबलं की धुराची वाट अरुंद होते, किंवा स्विचच्या बारीक नळीच्या तोंडाशी पाणी चढतं. ओढ जाणवत नाही आणि स्विच 'थांबा' म्हणतो. त्याचं काम तो चोख करत असतो, बदलला तरी नवा स्विचही तेच म्हणणार.

फुकटातल्या तपासण्या

फर्नेसचा हवा गाळणारा फिल्टर काळाकुट्ट असेल तर बदलून टाका. या आजाराचं कारण तो सहसा नसतो, पण येणारा मेकॅनिक पहिलं बोट त्याच्याकडे दाखवतो. तो मुद्दा संपलेला बरा.

मग जॅकेट चढवून बाहेर जा. घराच्या बाजूला हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन पाईप दिसतील. वाऱ्यानं साचलेला बर्फ, तोंडावर लोंबणारी बर्फाची सुळकी, क्वचित पानं. यातलं काहीही अडलं तरी दिवा तशीच लुकलुक करतो. बर्फ हातानं काढा. पाईपवर हातोडी किंवा फावडं मारू नका, थंडीत प्लास्टिक काचेसारखं तडकतं. गरम पाणी ओतू नका, ते तिथेच गोठून आणखी बर्फ होतं.

बाहेर सगळं मोकळं असेल तर आत या. एकच तपासणी करणार असाल तर पुढची करा. फर्नेसमधलं पाणी बाहेर नेणारी नळी जिथे संपते ते टोक शोधा: बेसमेंटच्या जमिनीतली जाळी, कपडे धुण्याचं सिंक, किंवा जमिनीवरचा छोटा पंप. फर्नेस एकदाच रीसेट करा, म्हणजे वीज बंद करून चालू करा, आणि चालेल तितका वेळ टॉर्च धरून त्या टोकाकडे बघत बसा. थंडीच्या दिवशी फर्नेस पंधरा मिनिटं चालली तर तिथून पाणी ठिबकायलाच हवं. ज्योत पेटतेय आणि टोक कोरडं, म्हणजे पाणी आत साठतंय. टोकातून मजेत पाणी पडतंय आणि तरीही प्रेशर स्विचची तक्रार आहे, तर दोष पाण्याचा नाही. पंख्याची मोटर, धुराचा पाईप, आणि हो, कधीतरी खरंच तो स्विचसुद्धा असू शकतो. ते शोधणं आपलं काम नाही. फोन करा आणि पुढचं वाचायचं सोडून द्या.

टोक कोरडं असेल तर नळीवरून बोट फिरवत मागे मागे जा. सुटकेस, तांदळाची गोणी, दिवाळीच्या कंदिलांचा खोका, काहीही तिच्यावर रेललेलं असू शकतं. ती गॅरेजमधून किंवा बाहेरच्या भिंतीतून गेली असेल तर बर्फाचा संशय घ्या. गोठलेली नळी दाबली तर कडक लागते. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळा किंवा केस वाळवायचं यंत्र दुरून धरा. मेणबत्ती, लायटर, गॅसवर चालणाऱ्या टॉर्चची ज्योत मुळीच नाही.

पंप असेल तर आधी प्लग बघा. हसू नका. मला बोलावलेल्या दोन घरांत व्हॅक्यूमसाठी प्लग काढला होता आणि परत लावलाच नव्हता. एका घरात भिंतीवरच्या सॉकेटचं सुरक्षा बटण उडालेलं होतं. वीज येत असेल तर पंपाच्या डब्यात तांब्याभर पाणी ओता. तरंगणारा गोळा वर आला की पंप सुरू होऊन डबा रिकामा झाला पाहिजे. मोटर गुरगुरते पण पाणी जात नाही, असं असेल तर बाहेर जाणारी बारीक नळी तुंबलीय किंवा मुडपलीय. पाणी वर चढूनही मोटर गप्प, तर पंप गेला.  काही घरांत पंप भरला की फर्नेसची वीज तोडणारी जोडणी असते. तिथे थर्मोस्टॅटचा पडदाच कोरा दिसतो आणि लोक उगाच नवा थर्मोस्टॅट आणतात.

हात ओले करायची तपासणी

इथून पुढे वीज बंद. फर्नेसशेजारी किंवा बेसमेंटच्या जिन्यात दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, बहुधा लाल पट्टीचं, ते बंद करा. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस आहे आणि बाहेर उणे वीस आहे, तर हा प्रयोग आज करू नका. माणूस बोलवा, प्रयोग उन्हाच्या दिवशी करा.

ट्रॅप म्हणजे सिंकखाली असतो तसाच पाणी धरून ठेवणारा वाकडा मार्ग. फर्नेसमध्ये तो प्लास्टिकच्या डबीसारखा असतो, कधी आत, कधी बाजूला. कशालाही हात लावण्याआधी फोनवर चार बाजूंनी फोटो काढा. नळ्या एकसारख्या काळ्या असतात आणि दहा मिनिटांनी कुठली कुठे होती हे आठवत नाही. खाली उथळ टब आणि जुने टॉवेल, हातात रबरी मोजे. क्लिप सैल करून नळी ओढली की लिटर-दीड लिटर पाणी एकदम येतं. आलं तर आनंद माना, आजार सापडला.

आमच्या ट्रॅपमध्ये मला शेंबडासारखा बुळबुळीत तपकिरी गाळ अपेक्षित होता, तो होताच. पण गाळ बोटांनी चिवडल्यावर पांढरा किस निघाला, अगदी ओल्या नारळाचा किस असावा तसा. उन्हात धरल्यावर कळलं की प्लास्टिक आहे. फर्नेस बसवणाऱ्यानं पाईप करवतीनं कापले होते आणि कडा साफ न करताच जोडले होते. तो भुसा आतमध्ये सांडला आणि पाण्याबरोबर वाहत ट्रॅपच्या वळणात येऊन बसला, वर गाळ धरत गेला. घर २०११ चं, म्हणजे इतकी वर्षं तो तिथे होता. त्यानंतर प्रत्येक घरात मी ट्रॅप चाळणीवर उलटा करतो.

ट्रॅप कोमट पाण्यानं आणि पांढऱ्या व्हिनेगरनं धुवा, बाटली धुण्याचा बारीक ब्रश चालतो. उकळतं पाणी नको, प्लास्टिक मऊ पडतं. आणि ब्लीच तर अजिबात नको. ब्लीच आणि आंबट पाणी एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद बेसमेंटमध्ये. एसीची नळी ब्लीचनं साफ करायचा सल्ला सर्रास मिळतो, तो इथे उचलायचा नाही.

परत बसवताना ट्रॅपमध्ये पाणी भरायचं, दुसऱ्या तोंडातून बाहेर येईपर्यंत. लोक नेमकं हेच विसरतात. ट्रॅप कोरडा असेल तर पंख्याची ओढ त्यातून बेसमेंटची हवा वर खेचते. वर येणाऱ्या हवेविरुद्ध पाणी खाली उतरत नाही आणि आतच थुईथुई नाचत राहतं. साफ केल्यावर गुडगुड उलट वाढली, अशी तक्रार आली की मी फोनवरच विचारतो, "पाणी भरलंस का?" दुसरं कारण याहून गंभीर आहे. काही रचनांमध्ये कोरड्या ट्रॅपमधून धूर घरात येऊ शकतो. म्हणून प्रत्येक नळी, प्रत्येक क्लिप, प्रत्येक छोटं टोपण फोटोशी ताडून जागच्या जागी गेलंच पाहिजे.

धुतलेल्या पाण्यात काळे पापुद्रे किंवा गंजाचे खवले दिसले तर ट्रॅप जोडा आणि थांबा. ते आतल्या भांड्याचे असू शकतात. वॉरंटीचे कागद काढा.

ट्रॅप स्वच्छ, तरी महिन्यानं परत

आता त्या दुसऱ्या डिसेंबरची गोष्ट. ट्रॅप चकाचक, नळीवर गोणी नाही आणि तरी फर्नेस बंद. यावेळी मी पाणसळ घेऊन खाली गेलो. फर्नेसपासून जाळीपर्यंत साधारण दहा फूट नळी होती, आणि मधोमध ती पोट सुटल्यासारखी लोंबत होती. त्या पोटात पाणी साठून राहायचं. पुढचं पाणी आलं की दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडायची, आणि कोंडलेली हवा पाण्याला पुढे जाऊ देत नाही. लोंबलेली नळी म्हणजे न मागता मिळालेला दुसरा ट्रॅप.

मी ती नळी काढून पाऊण इंची प्लास्टिकचा कडक पाईप टाकला, एका शनिवारी. फर्नेसच्या आतलं काही बदललं नाही, फक्त ट्रॅपच्या बाहेरचा मार्ग. त्यात कळलेल्या गोष्टी:

ढाळ फुटाला पाव इंच. दहा फुटांना अडीच इंच, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांत चांगली चार बोटं फरक पडतो. डोळ्यानं सरळ दिसतो तो ढाळ नव्हे. दोरी ताणा, भिंतीवर खूण करा. दर तीन फुटांवर आधार द्या, नाहीतर कडक पाईपलाही काही वर्षांत पोट सुटतं. फर्नेसच्या तोंडाचा व्यास आहे त्याहून बारीक पाईप कुठेही लावू नका.

फर्नेसच्या ट्रॅपनंतर वर तोंड उघडं असलेला एक आखूड उभा तुकडा बसवावा. पाणी खाली घसरताना मागे हवा मिळायला हवी. भरलेल्या बाटलीला दुसरं भोक पाडल्यावर ती भडाभडा रिकामी होते, तसं. हा तुकडा ट्रॅपच्या आधी कधीच नाही, तिथे तो पंख्याची ओढ मोडतो. तुमच्या फर्नेसच्या पुस्तिकेत वेगळं काही असेल तर पुस्तिका खरी, मी खोटा.

पाईपचं टोक जाळीतल्या पाण्यात बुडवायचं नाही. वर दोन इंच मोकळं ठेवा. टोक बुडालं की पुन्हा दुसरा ट्रॅप झाला, शिवाय गटाराचं पाणी उलटलं तर थेट फर्नेसकडे वाट मिळते. एसीच्या पाण्याची नळी याच पाईपला जोडायची असेल तर तीसुद्धा फर्नेसच्या ट्रॅपनंतरच, आणि तिला तिचा स्वतःचा ट्रॅप हवा. आमच्याकडे हे बरोबर होतं. एका मित्राकडे नव्हतं, त्याची फर्नेस घरभर हवा ढकलणारा मोठा पंखा सुरू झाला की गुडगुडायची.

पाईप कापल्यावर कडा चाकूनं खरवडा आणि भुसा फुंकून बाहेर काढा. नारळाचा किस आठवा. फर्नेसलगतचा सांधा चिकटवू नका, क्लिपवर ठेवा. पुढच्या वर्षी तुम्हालाच तो उघडायचाय.

बीडाचे जुने गटार पाईप असतील किंवा घर सेप्टिक टाकीवर असेल तर मध्ये चुनखडीच्या खड्यांची नळी लागते, ती पाण्याचा आंबटपणा मारते. खडे विरघळत जातात, दरवर्षी बघावे लागतात. ते बारीक होऊन गच्च बसले की तुंबणारी आणखी एक जागा तयार.

शेवटी वरून तांब्याभर पाणी ओता आणि टोकाशी जाऊन ऐका. सलग धार आली तर जमलं. थांबत, गुळण्या करत आली तर पोट कुठेतरी राहिलंय.

इथे हात आखडा

कुजक्या अंड्यासारखा वास आला तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी तेच. ओंटारियोत फर्नेस असलेल्या घरात हा अलार्म २०१४ पासून कायद्यानं लागतो. तुमच्याकडचा किती वर्षांचा आहे ते मागे छापलेलं असतं. मुदत संपलेला वाजेलच याची खात्री नाही.

प्रेशर स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून 'आजची रात्र काढू' असं सुचवणारा एखादा तरी भेटतोच. असं कधीही करू नका. पंखा बंद असतानाही गॅस सोडायला तुम्ही फर्नेसला परवानगी दिलीत, असा त्याचा अर्थ होतो.

ज्योतीच्या कप्प्यात पाणी किंवा गंजाचे ओघळ, जळल्याचे काळे डाग, धुराच्या पाईपच्या सांध्यातून ठिबक, धुराचा पाईप फर्नेसकडे उतरता नसून मध्ये लोंबलेला: यातलं काहीही दिसलं तर बटण बंद ठेवा. गॅसची नळी, ज्योतीचा कप्पा आणि धुराचा पाईप हे परवानाधारकाचं काम. इथे त्यासाठी टीएसएसए या ओंटारियोच्या सुरक्षा संस्थेचा परवाना लागतो, तो दाखवा म्हणण्यात संकोच नको. ट्रॅप धुऊन आणि ढाळ नीट करूनही आठवड्याच्या आत फर्नेस बसली, तर आतलं दुसरं भांडं तुंबलेलं असू शकतं. तिथवर आपला हात पोचत नाही.

फोन करताना 'फर्नेस चालत नाही' एवढंच सांगू नका. दिवा किती वेळा लुकलुकला, टोकातून पाणी पडतंय की नाही, ट्रॅप शेवटचा कधी धुतला, हे तीन सांगा. आलेला माणूस पाच मिनिटांत स्विच बदलायला निघाला तर आधी नळी काढून दाखवायला सांगा, आणि टब तुम्हीच खाली धरा.